ज्वारी पोटऱ्यात आली

ज्वारी पोटऱ्यात आली आहे. बांधावरच्या वाटेनं जाणारा जो तो मला हेच सांगून जातो, जसं काही मला डोळे नाहीत. ‘आप्पा, औंदा पोटऱ्या लई भरल्यात बगा,’ म्हणतात आणि मोटारसायकल न थांबवता पुढं निघतात. मी हाव म्हणतो. दुसरं काय म्हणणार. मागच्या साली याच दिवसांत, ज्वारी अशीच पोटऱ्यात असताना, माझी बायको गेली. म्हणून ते थांबत नाहीत. थांबलं तर काहीतरी बोलावं लागतं.

ज्यांनी ज्वारी फक्त भाकरीत बघितली त्यांच्यासाठी सांगतो. कणीस एकाएकी बाहेर पडत नसतं. आधी ते शेंड्याच्या पानाच्या देठात गुंडाळून बसलेलं असतं, बाहेरून दिसत नाही. पण तेवढ्या जागी ताट फुगतं. वर बारीक, मधी जाड, खाली परत बारीक. माणसाच्या पायाला गुडघ्याखाली मागच्या अंगानं मांस असतं ना, अगदी तसं. म्हणून तिला पोटरी म्हणायचं. आठ-दहा दिवसांनी पोटरी फाटते, कणीस तोंड काढतं, मग ज्वारी निसवली म्हणायचं. पायावरून ज्वारीला नाव पडलं की ज्वारीवरून पायाला, हे मला ठाऊक नाही. मी चौथी शिकलेला माणूस. गावात एक रिटायर झालेले गुरुजी आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही पोटावरूनच आले असतील. पोटरी म्हणजे धाकटं पोट. एक माणसाच्या पायाला, एक ज्वारीच्या ताटाला, आणि ताटातल्या पोटात तर लेकरू असतंच. एवढं सांगून गुरुजींनी माझ्याकडं तंबाखू मागितली.

गुरुजींना मी शब्द विचारला, पण मला खरं ते विचारायचं नव्हतं. माझी एकुलती एक लेक, सुरेखा, लातूरला असते. तिला मला एक गोष्ट सांगायची आहे आणि वर्ष होत आलं तरी माझ्यानं सांगणं झालं नाही. तिची माय कशानं गेली हे तिला माहीत आहे. पोटरीत रक्ताची गाठ झाली, ती वर चढली, फुप्फुसात जाऊन बसली. डॉक्टरनं आम्हा दोघांना शेजारी उभं करून सांगितलं. सुरेखा तेव्हापासून समजते की चूक तिची झाली. येळवशीच्या दुपारी मायनं तिला फोन केला होता, पोटरी ठणकून राहिली म्हणून. सुरेखा म्हणाली, झोपून झोपून आखडली असंल, मी रविवारी येते. रविवार यायच्या आत माय गेली. चूक तिची नाही. कोणाची आहे ते मला माहीत आहे, आणि ते मी तिला सांगितलेलं नाही.

मी जन्मभर उदगीरच्या मोंढ्यात हमाली केली. शेत होतं तीन एकर, पण ते शिवकांतानं केलं, माझ्या बायकोनं. मी पोती वाहिली. मोंढ्यात नवा माणूस कामावर आला की मुकादम त्याचे दंड बघायचा नाही. धोतर वर कर म्हणायचा, पँट असली तर गुंडाळ म्हणायचा, आणि पोटऱ्या बघायचा. दंडाचा जोर दिखाव्याचा असतो. पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं तर सगळा भार पोटरीवर येतो. फळी खाली-वर झुलते. पोटरी ढिली असली की माणूस पोत्यासकट खाली. माझ्या पोटऱ्या बघून मुकादम म्हणाला होता, हा टिकंल. टिकलो.

आमच्या टोळीत चार मुलखांची माणसं. उदगीर म्हणजे तसंच गाव, तिकडून कर्नाटक, इकडून तेलंगण. पोटरीला आमच्यात चार नावं होती. औरादकडचा मलप्पा मीनखंड म्हणायचा. कानडीत मीन म्हणजे मासा. त्याचं म्हणणं, मांस कसं माशासारखं असतं, जोर लावला की उसळी मारतं. देगलूरच्या खालचे दोघं तेलगू बोलणारे होते, ते पिक्का म्हणायचे. त्यांच्यात फळाच्या बीलाबी तसंच म्हणतात असं त्यांनी सांगितलं होतं, खरंखोटं त्यांना ठाऊक. खाजाभाई पिंडली म्हणायचा. आणि आम्ही पोटरी. एकाला माशावानी दिसली, एकाला बीवानी, आम्हाला पोट दिसलं. आमच्या भागात दुष्काळ लई, आम्हाला सगळीकडं पोटच दिसणार, असं मी एकदा म्हणालो तेव्हा सगळे हसले होते. तेवढं एकच हसण्यासारखं मी त्या टोळीत बोललो असेन.

दुपारच्याला जेवण झालं की पोत्यांच्या थप्पीच्या सावलीला आम्ही पालथे पडायचो. कोणाच्या ना कोणाच्या पोटरीत गोळा आलेला असायचाच. पोटरीत गोळा येतो तेव्हा माणूस काय करतो हे ज्याला आला त्यालाच कळतं. मोठमोठे गडी लेकरासारखे ओरडायचे. तो गोळा मोडायची खाजाभाईची पद्धत होती. पालथं निजवायचं, तेल लावायचं, दोन्ही अंगठे टाचेच्या वर रोवायचे आणि खालून वर, गुडघ्याकडं, दाबत न्यायचे. हलक्या हातानं न्यायचं नाही. ‘नीचे से उप्पर लेना रे, जोर से,’ खाजाभाई सांगायचा, ‘गोला टूटा तो आदमी उठा.’ त्यानं मला शिकवलं. पुढं पुढं माझाच हात मोंढ्यात नावाजला. अडत्यांच्या गाद्यांवर बसणारे शेठबी मला बोलवायचे. कितीक पोटऱ्यांतले गोळे या अंगठ्यांनी मोडले. माणसं उठून परत फळीवर चढायची. माझ्याजवळ दुसरं कसब नव्हतं, हे एक होतं.

शिवकांताची पोटरी मी एक्केचाळीस वर्षांत कधी हातात घेतली नव्हती. कोण घेतं. बायकोनं नवऱ्याचे पाय दाबायचे, आमच्यात उलटं होत नाही. मी पोती वाहून घरी आलो की भिंतीला टेकून पाय लांब करायचो, ती न सांगता दाबायला बसायची. ती दिवसभर शेतात खपून आलेली असायची. सकाळी दोन कोस, संध्याकाळी दोन कोस, डोक्यावर भारा. तिच्या पोटऱ्या माझ्यापेक्षा टणक असतील. मला त्या दिसायच्या वर्षातून एक दिवस, येळवशीला.

येळवस आमचा मोठा सण. मार्गशीर्षाच्या अवसेला, ज्वारी पोटऱ्यात असताना, सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप म्हणजे झोपडी करायची, आत मातीचे पांडव मांडायचे, लक्ष्मीची ओटी भरायची. जेवायला भज्जी, उंडे, प्यायला ताकाची आंबील. शिवकांता म्हणायची की हे ज्वारीचं डोहाळजेवण आहे. पोटुशी बाई जशी, तशी ती उभी आहे, तिला उपाशी ठेवू नये. इतर दिवशी वाटेनं मी पुढं असायचो आणि ती मागं. त्या एका दिवशी ती पुढं चालायची, डोक्यावर आंबिलाची बिंदगी घेऊन, आणि मी मागं पाणी शिंपडत. लुगड्याचा काचा ओढून घेतलेला असायचा. डाव्या पोटरीवर तिनं लहानपणी विंचू गोंदून घेतला होता. ती पाऊल टाकील तसा तो विंचू नांगी हलवल्यासारखा दिसायचा. मी शेताच्या चारी बाजूंनी त्या विंचवाकडं बघत फिरायचो. तिला हे मी कधी सांगितलं नाही. म्हातारपणी सांगून काय करायचं होतं, आणि तरुणपणी लाज वाटायची.

फेरी झाली की ती ज्वारीत शिरायची आणि दोन बोटांत एखादी पोटरी धरून दाबून बघायची. तिला त्यावरून कळायचं, कणीस किती दिवसांत निघणार, भरलेलं निघणार की पोकळ. बाळंतिणीच्या कामाला जाणारी बाई पोटावर हात ठेवून सांगते तसं सांगायची. ती सांगील त्याच दिवशी निसवायची. कोणाच्या शेळीनं पोटरीतली ज्वारी खाल्ली तर ती शेळीवाल्याला सोडायची नाही. कणसं खाल्ली तर एवढी चिडायची नाही. म्हणायची, कणीस खाल्लं तर दाणे गेले, पोटरी खाल्ली तर लेकरू गेलं. आमचं सुरेखाच्या आधीचं एक तसं गेलं होतं. त्यावर ती कधी बोलली नाही. शेळीवाल्याशी भांडायची.

पोट हा शब्द आमच्याकडं सगळीकडं शिरलेला आहे. सात-बाऱ्यावर पोटखराब म्हणून लिहिलेलं असतं. जमीन तुमचीच, पण त्यात काही येत नाही, खडक असतो नाहीतर ओढा. भावाभावांत वाटण्या झाल्या की पोटहिस्सा. घरात पोटमाळा. पोटाला किती लेकरं, विचारतात. दुसऱ्याचं बरं झालं की पोट दुखतं. कोणाचा गुन्हा माफ केला तर पोटात घातला म्हणतात, आणि कोणाला न सांगता दडवला तर पोटात ठेवला म्हणतात. मला एवढी वर्षं हे दोन्ही एकच वाटायचं. एक नाही. घातलेलं जिरून जातं. ठेवलेलं फुगत राहतं.

मागच्या साली दिवाळी होऊन दीड महिना झाला आणि शिवकांताच्या पोटाचं ऑपरेशन झालं. पिशवी खाली उतरली होती, किती वर्षांपासून तेच माहीत नाही. तिनं सांगितलं नव्हतं, पोती उचलणाऱ्या माणसाला काय सांगायचं म्हणे. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरनं घरी सोडताना मला सांगितलं होतं, बाबा, यांना रोज चालवा, नुसतं निजवून ठेवू नका. मी ऐकलं आणि घरी येऊन उलटं केलं. मला वाटलं, ही बाई जन्मात कधी दिवसा आडवी पडली नाही, आता तरी पडू दे. ती उठायला लागली की मी रागवायचो. पाणी हातात द्यायचो. भाकरी मी थापायचो, फाटकी-तुटकी. ती म्हणायची, अशा भाकरी खाऊन माणूस लवकर बरं होतं, सुटका व्हावी म्हणून. पंधरा दिवस मी तिला अंथरुणावरून हलू दिलं नाही. चांगलं करून राहिलो असं मला वाटत होतं.

येळवशीला मी एकटा शेतात आलो. कोप केली, जमेल तसं पुजलं, आंबील शेजारणीनं करून दिली होती. पुढं चालणारं कोणी नव्हतं, मग मी एकटाच फिरलो. दिवस मावळायच्या आत घरी आलो. ती म्हणाली, डाव्या पोटरीत ठणका लागलाय, दुपारपासून. मी लुगडं सारून बघितलं. पोटरी टणक झाली होती, गरम लागत होती. मी म्हणालो, गोळा हाय. माझ्याएवढे गोळे कोणी बघितले असतील. मी करडीचं तेल गरम केलं, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या टाकल्या आणि बसलो. टाचेच्या वर अंगठे रोवले. खालून वर नेलं. जोरानं नेलं. अर्धा तास तरी चोळली असेल. मग ती झोपली.

सकाळी उठून दारापर्यंत गेली आणि दाराला धरून खाली बसली. श्वास पुरेना. उदगीरला नेईपर्यंत जीपमध्येच ती संपली होती, पण दवाखान्यात नेलं. सुरेखा लातूरहून निघाली ती दहा-साडेदहाला पोचली. डॉक्टरनं सगळं विचारून घेतलं. पोटरी दुखत होती का? हाव. सुजली होती का? हाव. मग त्यानं विचारलं, कोणी चोळली का, मालिश केलं का? सुरेखा माझ्या शेजारी उभी होती. मी म्हणालो, न्हाई.

एवढा एक शब्द. डॉक्टर म्हणाला, बरं, अशा वेळी चोळायचं नसतं, गाठ सुटते आणि वर जाते. तो मला काही बोलला नाही, नुसतं सांगितलं. त्याचा काही दोष नाही, त्यानं आधीच चालवा म्हणून सांगितलं होतं.

आमच्यात बसवून माती देतात, मांडी घालून. घरी आणल्यावर बायकांनी तिला बसवायला घेतलं तर डावा पाय वळेना. पोटरी एवढी सुजलेली की मांडीला टेकेना. सुरेखा पाय धरून बसली होती, तिनं हळूहळू वळवला. मी समोर उभा राहून त्या पोटरीवर माझ्या अंगठ्यांच्या खुणा शोधून राहिलो होतो. खुणा काही दिसल्या नाहीत. गोंदलेला विंचू तेवढा ताणून मोठा झाला होता. सुरेखा रडत रडत म्हणाली, मी त्याच दिवशी यायला पायजे होतं. मी तिथंच होतो. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. बायका रडत होत्या, माती द्यायला आलेले स्वामी घाई करत होते, मी बाहेर आलो.

मग राहतच गेलं. सुरेखा महिन्यातून एकदा येते. नवरा-बायको लातूरला मेस चालवतात, क्लासला आलेल्या परगावच्या पोरांची. दोन्ही वेळ शंभरेक ताटं. त्या पोरांना येळवस काय आणि मायचं दुखणं काय, जेवायला लागतंच. म्हणून ती त्या दिवशी येऊ शकली नव्हती. दर वेळी जेवता जेवता कधीतरी ती तेच काढते, मी निघाले असते तर. दर वेळी मी म्हणतो, जाऊ दे गं. आणि तिचंबी ताट तसंच राहतं, माझंबी. ती वाळली आहे. जावई मला फोनवर म्हणाला, आप्पा, रविवारी ह्या जेवतच न्हाईत, उपास म्हणतात, कशाचा ते सांगत न्हाईत. मला माहीत होतं कशाचा. मी फोनवर म्हणालो, बायकांचं काहीतरी असतं. असा मी माणूस आहे.

इथपर्यंत लिहून वही चार दिवस मिटून ठेवली होती. आज येळवस झाली.

आम्हाला औंदा सण नव्हता. आमच्यात सुतक मानत नाहीत, पण वर्षाच्या आत कोणी सण धरत नाही, आणि वर्षाला एक दिवस कमी होता. कोप नाही, पांडव नाही, आंबील नाही. मी नुसताच शेतात येऊन बसलो. चारी बाजूंच्या शेतांत कोपी उभ्या, त्यांच्यावर शाली टाकलेल्या, लेकरं ओरडून राहिलेली. मधी आमचं तीन एकर गप. दुपारी बाराच्या सुमाराला सुरेखा आली, सांगितलं नव्हतं तिनं. मेस एक दिवस नवऱ्यावर टाकून आली होती. डब्यात साधी भाकरी आणि वरण. म्हणाली, सण न्हाई म्हणून जेवायचं न्हाई असं थोडंच हाय.

शेजारणीनं हाक मारली, या गं आमच्यात जेवायला. सुरेखानं हातानंच नको म्हणून सांगितलं. मग ती ज्वारीत शिरली आणि दोन बोटांत एक पोटरी धरून दाबून बघायला लागली. तिला त्यातलं काही कळत नाही. नुसती धरून उभी राहिली. आणि तिकडं तोंड करूनच म्हणाली, ‘मागच्या येळवशीला ह्याच टायमाला फोन आला व्हता मायचा.’

मला माहीत होतं आता पुढं काय येणार. मी म्हणालो, ‘तुझी काय चूक न्हाई. मी चोळली.’

‘काय चोळलं?’

‘तिची पोटरी. त्या सांजच्याला. तेल लावून, गोळा समजून. डॉक्टरनं इचारलं तवा मी न्हाई म्हणलो.’

ती वळली नाही. शेजारच्या शेतात कोणीतरी हर हर महादेव केलं, लेकरांनी त्याचा सूर ओढून धरला, ते सगळं होऊन गेलं तरी ती वळली नाही. मग तिनं विचारलं, किती वेळ. मी सांगितलं. कशी, जोरात? हाव, हमालाची चोळतात तशी. मग ती वळली आणि मला जे बोलायचं ते बोलली. ते सगळं मी लिहीत नाही. म्हणाली, ‘वर्षभर मी माझ्या डोक्यात दगड मारून घेतला आणि तुमी समोर बसून जाऊ दे, जाऊ दे करत व्हता.’ खरं होतं. मी म्हणालो, तुला सांगितलं तर तू यायची बंद होशील, मला दुसरं कोण आहे. ती म्हणाली, झालेच असते बंद. दोन-चार महिने. मग आले असते.

त्यानंतर आम्ही बांधावर बसलो, मधी डबा, कोणी उघडला नाही. ऊन कलायला लागलं. मला वाटलं आता ती उठून जाईल आणि मी तिला थांबवणार नव्हतो.

तिनं विचारलं, ‘दुखायचं थांबलं का तिचं?’

वर्षभरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी पण स्वतःला विचारलं नव्हतं. मी सारखा सकाळचाच विचार केला होता, दाराजवळचा. त्या संध्याकाळचा केलाच नव्हता.

‘थांबलं,’ मी म्हणालो. ‘झोपली की लगीच.’

‘काय म्हणली का ती?’

मग मला सांगावं लागलं. मी हात लावला तशी तिनं पाय ओढून घेतला होता. नवऱ्यानं पाय धरला तर पाप लागतं, सोडा म्हणाली. मी म्हणालो, पाय कुठं धरलाय, पोटरी धरलीय. पोटरी पायातच येते म्हणाली. मी म्हणालो, पाय घोट्याखाली असतो, वरचं सगळं माझ्या हिश्श्याला आलंय. त्यावर ती हसली, टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली. ‘एक्केचाळीस वर्सांनी आज सापडली व्हय तुमाला माझी पोटरी?’ म्हणाली. मग डोळे मिटून पडली. मधी एकदा म्हणाली, उलीसं वर, हां, तिथंच. मग काहीच म्हणाली नाही. झोपली होती.

सुरेखा ऐकून राहिली होती, तोंडावर पदर धरून. ती हसली की रडली ते मला पदरामुळं कळलं नाही. मग पदराआडूनच म्हणाली, ‘आप्पा, चोळलं ते तुमी पोटात ठेवलं ते ठेवलं. हे कामून ठेवलं? हे तर मायचं व्हतं. हे मला द्यायचं व्हतं.’

माझ्याजवळ तिच्या मायचं हसणं वर्षभर पडून होतं आणि मला त्याची आठवणसुद्धा राहिली नव्हती.

तिनं पदर खाली घेतला, पाय बांधावर लांब केले आणि माझ्याकडं बघितलं.

‘परत सांगा,’ म्हणाली. ‘पयल्यापासून. तेल गरम केलं तिथून.’

मी परत सांगितलं.